लॅग होता, की मीच कच्चा?

प्रश्न असा आहे: फायटिंग गेममध्ये कॉम्प्युटरला सगळ्यात कठीण पातळीवर आरामात हरवता येतं, घरात चुलत भाऊ तर समोर टिकतच नाही, ट्रेनिंग मोडमध्ये लांबलचक कॉम्बो (एकामागून एक जोडलेले फटके) दहापैकी नऊ वेळा बसतो. पण ऑनलाइन रँक्डमध्ये, म्हणजे क्रमवारीच्या मॅचमध्ये, उतरल्यावर सलग अकरा मॅच गेल्या. बटण दाबलं तरी हल्ला निघत नाही आणि समोरचा आपल्या मनातलं वाचतोय असं वाटतं. हा लॅग (इंटरनेटमुळे होणारा उशीर) आहे, की मीच कच्चा आहे? आणि पॅडवरच खेळावं की स्टिक घ्यावी?

अकरा आकडा वाचून मला हसू आलं, कारण माझा सव्वीस होता. गेली पंधराएक वर्षं मी फायटिंग गेम ऑनलाइन खेळते, मधल्या काळात बऱ्याच नवख्यांना शिकवलंही, आणि प्रत्येकाने पहिल्या आठवड्यात हेच विचारलं. स्पष्ट सांगते: त्या अकरापैकी नऊ-दहा तरी तुम्ही आपल्या हाताने घालवल्या असणार. उरलेल्या एखाद-दोनमध्ये लॅग असेलही. पण कुठली कशाने गेली हे ओळखता येत नाही तोवर सराव करून फारसं हाती लागत नाही, कारण चूक दुसऱ्याच्या तारेवर ढकलायची सोय हाताशी असते. म्हणून आधी लॅगचाच निकाल लावू.

बहुतेक फायटिंग गेम सेकंदाला 60 फ्रेमने, म्हणजे 60 चित्रांनी चालतात, म्हणजे एक फ्रेम साधारण 16.7 मिलिसेकंदांची. मारामारीचा सगळा हिशेब याच नाण्यात होतो. स्ट्रीट फायटरसारख्या गेममध्ये जॅब, म्हणजे हलका ठोसा, चार-पाच फ्रेममध्ये बाहेर येतो, जोरकस लाथ दहा-बारा फ्रेम घेते, ब्लॉक झाली की मारणारा आणखी काही फ्रेम अडकून पडतो. ऑनलाइन खेळताना दोन घरांतली दोन यंत्रं हा हिशेब एकमेकांशी जुळता ठेवतात आणि मध्ये तार असते. फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. समोरचा 3,000 किलोमीटरवर बसला असेल तर तार अगदी सरळ धरली तरी तुमचं बटण त्याच्यापर्यंत जायला 15 मिलिसेकंद लागणार. जवळजवळ एक फ्रेम तिथेच गेली. वाटेतले राउटर आणि घरातलं वायफाय यांचा हिशेब वेगळाच. हे अंतर कोणीही मिटवू शकत नाही, फक्त लपवू शकतं.

लपवायची जुनी तऱ्हा म्हणजे डिले. तुम्ही बटण दाबलं की गेम ते लगेच चालवत नाही. समोरच्याचं बटण येऊन पोचेपर्यंत तुमचंही धरून ठेवतो. मी शिकले ती यावरच. चांगल्या जोडणीत तीन फ्रेमचा उशीर, वाईट जोडणीत सात, आणि मॅचच्या मधोमध पलीकडच्या घरात कोणी व्हिडिओ लावला की कमरेभर पाण्यातून चालल्यासारखं सगळं जड. कॉम्बोचा ठेका दर माणसागणिक बदलायचा. तेव्हा लॅगला शिव्या घालणाऱ्यांचं बरंचसं खरं होतं.

नवी तऱ्हा रोलबॅक. तशी ती फार नवी नाही. 2006 मध्ये स्ट्रीट फायटर 2 हायपर फायटिंग एक्सबॉक्स 360 वर ऑनलाइन आला, तो खेळताना फार निराशा झाली, आणि त्यातून टोनी कॅनन या माणसाने जीजीपीओ नावाचं सॉफ्टवेअर लिहिलं. (हा ईव्हो या मोठ्या स्पर्धेच्या संस्थापकांपैकी एक. म्हणजे दुखणं खेळणाऱ्याचं होतं आणि औषधही खेळणाऱ्यानेच काढलं.) यात गेम थांबत नाही, अंदाज बांधतो. समोरच्याचं ताजं बटण अजून आलेलं नसेल तर तो आधी जे दाबत होता तेच आताही दाबतोय असं धरून गेम पुढे चालतो. हा अंदाज वाटतो तितका भाबडा नाही. कोणी कितीही जलद खेळला तरी सेकंदातल्या 60 पैकी मोजक्याच फ्रेमना त्याचा हात बदलतो. बाकी वेळ तो पुढे चालत किंवा मागे दाबून ब्लॉक करत असतो. अंदाज चुकला तर गेम त्या फ्रेमपर्यंत मागे जातो, खरं बटण घालून मधल्या फ्रेम एका झटक्यात पुन्हा मोजतो आणि तुम्हाला दुरुस्त चित्र दाखवतो. 2019 मध्ये जीजीपीओ सगळ्यांसाठी खुलं झालं, 2020 मध्ये स्पर्धाच ऑनलाइन न्यायची वेळ आली तेव्हा उरलेल्यांचेही डोळे उघडले. गिल्टी गियर स्ट्राइव्ह (2021), स्ट्रीट फायटर 6 (2023), टेक्केन 8 (2024) हे सगळे रोलबॅकवर चालतात.

तुमच्या तक्रारीसाठी यातला कामाचा मुद्दा असा: डिले हाताला जाणवतो, रोलबॅक डोळ्यांना. रोलबॅकमध्ये तुमचं स्वतःचं बटण तुमच्याच यंत्रावर, ठरलेल्या एक-दोन फ्रेमच्या आत चालतं. बिघाड दिसतो तो समोरच्याच्या हालचालीत. तो एका जागेवरून दुसऱ्या जागी टपकतो, किंवा त्याची लाथ सुरुवात न दिसता अर्ध्यातूनच सुरू होते. म्हणजे "समोरचा उडी मारताना दिसलाच नाही" ही तक्रार लॅगची असू शकते. "मी बटण दाबलं पण हल्ला निघालाच नाही" ही सहसा लॅगची नसते.

मग तो का निघाला नाही? इथे जरा थांबते, कारण अकरामधल्या निम्म्या मॅच बहुधा इथेच गेल्या आहेत.

समजा तुम्ही एक मोठी लाथ मारली आणि समोरच्याने ती ब्लॉक केली. त्या लाथेचं फ्रेम डेटामधलं (कुठला हल्ला किती फ्रेम घेतो त्या तक्त्यातलं) मूल्य आहे उणे 3. म्हणजे दोघे एकमेकांना अडकून मोकळे होताना तो तुमच्या तीन फ्रेम आधी मोकळा होतो. आता दोघांनीही चार फ्रेमचा जॅब दाबला. त्याचा चौथ्या फ्रेमला लागतो, तुमचा सातव्याला लागणार होता. तुमचा हात बाहेर येण्याआधीच तुम्ही मार खाल्लेला असतो. तुमच्या नजरेला मात्र एवढंच दिसतं की दोघांनी एकदमच दाबलं, त्याचं निघालं, माझं नाही. लॅग! दर वेळी, न चुकता. खेळणाऱ्यांच्या भाषेत टर्न त्याचा होता आणि तुम्ही तो मानला नाही. कॉम्प्युटर अशा वेळी बऱ्याचदा नुसता उभा राहतो, चुलत भावाला हे ठाऊक नाही, म्हणून घरात ती लाथ ब्लॉक झाल्यावरही तुमचाच टर्न चालू राहायचा. ऑनलाइन भेटलेल्या पहिल्या जाणकाराने तो हक्काने काढून घेतला.

आपण सगळ्यात जास्त वापरतो ते पाच-सहा हल्ले घ्या आणि ब्लॉक झाल्यावर प्रत्येकाचं काय होतं तेवढं ट्रेनिंग मोडमध्ये बघून ठेवा. आजकाल बहुतेक गेममध्ये फ्रेम मीटर पडद्यावर लावता येतं. पूर्ण तक्ता पाठ करायच्या भानगडीत पडू नका. टेक्केन 8 सुरुवातीलाच 32 पात्रांसह आला आणि एकेकाकडे शंभरावर हल्ले आहेत; ते पाठ करायला बसलात तर खेळणार कधी? स्वतःचे सहा पुरेत.

जोडणीचं उरलेलं लवकर आटोपते. केबल लावा. पिंगच्या (जाऊन परत यायला लागणाऱ्या मिलिसेकंदांच्या) आकड्यापेक्षा तो किती हलतो हे महत्त्वाचं: कायम 90 वर राहणारी जोडणी मला चालते, 30 वरून मध्येच 200 ला जाणारी नको. वायफाय नेमकं तेच करतं, आणि केलं तरी तुम्हाला स्वतःला ते कळतच नाही. मी दोन वर्षं वायफायवर खेळून "आज सगळे लॅगी भेटतायत" म्हणत होते. शेवटी एका अनोळखी खेळाडूने मॅचनंतर सभ्य निरोप पाठवला की बाई, लॅगी तुम्ही आहात. टेक्केन 8 आणि स्ट्रीट फायटर 6 मध्ये समोरचा केबलवर आहे की वायफायवर हे आधीच दिसतं, त्यामुळे पुष्कळ जण वायफायवाल्याशी मॅच घेतच नाहीत. टीव्हीवर खेळत असाल तर त्याचा गेम मोड चालू करा. चित्र सुंदर करण्याच्या नादात टीव्ही जो वेळ खातो तो इंटरनेटच्या माथी मारला जातो.

एक गोष्ट मात्र ऑनलाइनमध्ये खरंच अवघड होते, ती कबूल करायला हवी. स्ट्रीट फायटर 6 मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार हल्ला घ्या. तो लागायला 26 फ्रेम लागतात, सुमारे 430 मिलिसेकंद. साध्या गोष्टीला पाहून प्रतिक्रिया द्यायला माणसाला 200 ते 250 मिलिसेकंद लागतात; चार शक्यतांतून एक निवडायची असेल तर त्याहून जास्त. समोरासमोर बसून हे जमतं. ऑनलाइन रोलबॅकने पहिल्या चार फ्रेम गिळल्या, पडद्याने एखादी खाल्ली, तुमच्या बटणाला दोन लागल्या, की उरतं सव्वातीनशेच्या आसपास. आणि त्याच क्षणी तुम्ही स्वतः काहीतरी दाबण्याच्या विचारात असाल तर संपलंच. म्हणून ऑनलाइनचे मुरलेले खेळाडू सगळ्यावर प्रतिक्रिया देत बसत नाहीत. ते एका वेळी एकाच गोष्टीची वाट बघतात. आता हा उडी मारणार, मारली की खाली पाडायचा, बाकी काही केलं तर नुसतं ब्लॉक. पुढच्या दहा सेकंदांत दुसरी गोष्ट.

यावरून "मनातलं वाचतो"कडे येते. 2004 च्या ईव्होमधला डायगो उमेहारा आणि जस्टिन वाँग या खेळाडूंच्या मॅचचा व्हिडिओ तुम्ही पाहिला असेलच. स्ट्रीट फायटर 3 थर्ड स्ट्राइक, डायगोचं पात्र केन, जस्टिनचं चुन-ली. केनकडे जीव इतका कमी की ब्लॉक केलं तरी त्या घासण्याने मरेल. चुन-लीने सुपर हा मोठा हल्ला सोडला आणि डायगोने त्याचे सगळे 15 फटके एकेक करून पॅरी केले, म्हणजे ऐन क्षणी परतवले, जीव न गमावता. लोक हातांच्या वेगाला दाद देतात. मला त्यातली पहिली पॅरी मोठी वाटते. ती सुपर दिसल्यावर मारायला वेळच नसतो. जस्टिन आता हेच करणार हे त्याने आधीच ताडलं होतं, कारण थोडा जीव उरलेल्या माणसाला संपवायचा तो सगळ्यात सोपा मार्ग होता.

तुमच्या मॅचमध्ये हेच घडतं, फक्त लहान प्रमाणावर. मी शिकवलेल्या एका मुलाची मॅच जशीच्या तशी आठवते. पहिला राउंड. तो खाली पडला, उठता उठता त्याने अपरकट मारला: पुढे, खाली, तिरकं पुढे आणि पंच. उठताना हा हल्ला अभेद्य असतो, समोरचा अंगावर येत होता, तो उडाला. छान. पुन्हा पडला, पुन्हा अपरकट, पुन्हा लागला. दुसऱ्या राउंडमध्ये पडला तेव्हा समोरचा नेहमीसारखा चालत जवळ आला आणि ऐन वेळी थांबून ब्लॉक धरून उभा राहिला. अपरकट हवेत गेला. खाली यायला लागलेल्या त्या अर्ध्या सेकंदात समोरच्याने मागे एक पाऊल घेतलं, अगदी सावकाश, आणि आपला सगळ्यात मोठा कॉम्बो मारला. निम्मा जीव गेला. मुलगा मला म्हणाला, "याला कसं कळलं?" अरे, तूच दोनदा सांगितलंस की. तिसऱ्या राउंडमध्ये त्याने पुन्हा तेच केलं, कारण घाबरला होता आणि घाबरलेला हात ओळखीचीच गोष्ट करतो.

कॉम्प्युटर घाबरत नाही, म्हणून त्याच्याशी खेळून हे शिकता येत नाही. शिवाय कठीण पातळीवरचा कॉम्प्युटर तुमचं बटण दाबलं जाताक्षणी पकडतो आणि दुसरीकडे एकाच युक्तीला शंभरदा फसतो. त्याला हरवायचं म्हणजे ती एक युक्ती शोधायची. तुमची ती युक्ती अजून हातात बसलेली आहे, आणि माणसासमोर ती दोनदा चालते. चुलत भावाचं दुखणं उलटं. त्याला तुमच्या सवयी माहीत, तुम्हाला त्याच्या, आणि दोघांनीही वर्षानुवर्षं त्या एकमेकांना माफ केल्या आहेत.

रिप्ले (खेळलेल्या मॅचचं रेकॉर्डिंग) बघा म्हणून सगळेच सांगतात. बघायचं काय हे कोणी सांगत नाही. आपले कॉम्बो बघू नका, समोरच्याचं कौशल्यही नको. एका मॅचमध्ये एकच गोष्ट मोजा. मी एकदा माझ्या हरलेल्या मॅचमध्ये फायरबॉल (लांबून फेकलेला गोळा) ब्लॉक केल्यानंतर मी काय करते ते मोजलं. नऊ फायरबॉल ब्लॉक केले, त्यांतल्या सात वेळा लगेच पुढे उडी मारली आणि सहा वेळा हवेतच मार खाल्ला. स्ट्रीट फायटर 6 मधली उडी साधारण 45 फ्रेमची, म्हणजे पाऊण सेकंद मी हवेत लटकून "मार मला" म्हणत होते. मॅच संपल्यावर शपथेवर सांगितलं असतं की तो अंदाजाने खेळत होता. टेक्केन 8 मध्ये रिप्ले मध्येच थांबवून तोच क्षण स्वतःच्या हातात घेऊन खेळता येतो. ही सोय माझ्या काळी असती तर माझे सव्वीस निदान पंधरावर आले असते.

आता रँकबद्दल. रँक्डचं काम तुम्हाला जिंकवणं नाही, बरोबरीचा माणूस शोधून देणं आहे. ते नीट चाललं तर तुम्ही कितीही चांगले झालात तरी निम्म्याच्या आसपास मॅच हरतच राहणार, कारण समोरचेही तेवढेच चांगले भेटत जाणार. सलग अकरा हरणं बहुतेकदा सुरुवातीला होतं, गेमला तुमची जागा सापडलेली नसताना. स्ट्रीट फायटर 6 पहिल्या दहा मॅचवरून तुम्हाला जागा देतो आणि कधी कधी ती भलतीच वर देतो. तिथून खाली घसरणं ही बेअब्रू नाही, दुरुस्ती आहे. त्यात प्रत्येक पात्राचा रँक वेगळा असतो, त्यामुळे नवं पात्र घेतल्याने जुन्याचे पॉइंट जात नाहीत. तरी एक पात्र धरून निदान दोनशे मॅच खेळा असं माझं मत आहे. पात्र बदलणं हा लॅगइतकाच लोकप्रिय बहाणा आहे. मी चार वेळा वापरलाय.

हरण्याचा राग हा या गेमचा वेगळाच भाग. पाच जणांच्या टीममध्ये हरलं तर चौघांवर ढकलता येतं. इथे कोणीच नसतं, म्हणून तार आणि समोरचा उरतो. समोरचा थ्रोच (पकडून आपटणं) मारत राहतो, कोपऱ्यातून फायरबॉलच टाकत राहतो, याचा राग येतो आणि तुम्ही त्याला "नीट" खेळायला लावण्यासाठी खेळू लागता. त्याला जिंकायचं आहे आणि तुम्ही थ्रो सोडवत नाही आहात, तर तो थ्रोच मारेल. जिंकून वर उठाबशा काढून चिडवणारे भेटतील. पुढच्या मॅचला ते हटकून निष्काळजी खेळतात, तेवढं लक्षात ठेवा. हरताना तार उपटून पळणारे भेटतील. गेम त्यांची नोंद ठेवतात आणि शिक्षाही करतात. निरोप आणि आवाज मी कायमचे बंद ठेवलेत. वायफायवाल्या त्या एका भल्या निरोपानंतर वाचण्यासारखं फारसं आलं नाही, आणि बाई खेळतेय कळल्यावर येणारे तर मुळीच नाहीत.

माझा एकच नियम आहे. "आता एक शेवटची, जिंकून थांबते" हे वाक्य मनात आलं की खेळ बंद. ती शेवटची मी कधी जिंकलेली मला आठवत नाही. दमलेला हात बरोबर त्या अपरकटकडे जातो. रँक्डऐवजी कधी कोणा एकाला गाठून दहा जिंकेपर्यंतचा सेट खेळा. तीन मॅचमध्ये माणूस कळत नाही. दहाच्या सेटमध्ये पाचव्या-सहाव्या मॅचला तुम्हाला त्याचं आणि त्याला तुमचं काहीतरी दिसायला लागतं, मग तो काहीतरी बदलतो, मग तुम्हाला बदलावं लागतं. मला हा गेम खऱ्या अर्थाने आवडायला लागला तो अशा एका सेटमध्ये. दहा-तीनने हरले होते.

पॅड की स्टिक: जे हातात आहे ते. पॅड, स्टिक आणि नुसत्या बटणांचा लिव्हरलेस, तिन्हींवर खेळून लोक मोठ्या स्पर्धा जिंकले आहेत. नवं उपकरण घेतलंत तर पहिला महिनाभर हात जुळवण्यात जाईल आणि त्या महिन्यात तुम्ही लॅगऐवजी स्टिकला दोष द्याल.

त्या अकरापैकी ज्यांचे रिप्ले अजून गेममध्ये असतील त्यातले तीन आज काढा. प्रत्येकात दोनच गोष्टी मोजा: तुमचा हल्ला ब्लॉक झाल्यावर तुम्ही किती वेळा लगेच पुन्हा बटण दाबलं, आणि खाली पडल्यावर उठताना काय केलं. कागदावर रेघा मारा. समोरचा खरंच टपकताना दिसला तर त्याचीही वेगळी रेघ मारा. मग मला तीन आकडे सांगा, पुढचं त्यावरून बोलू.